त्रेसष्ट शिंप्या

१

संचिताला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. खारेपाटणच्या हायस्कुलात तिने बावीस वर्षं गणित शिकवलं, आणि त्या बावीस वर्षांत एकवीस सहली नेल्या. एसटीत चढताना डोकी मोजायची, उतरताना मोजायची, किल्ल्यावर मोजायची, जेवताना मोजायची. तिच्या लेखी सहल म्हणजे समुद्र नव्हे, डोंगर नव्हे. सहल म्हणजे बेचाळीस डोकी, आणि ती संध्याकाळी बेचाळीसच परत आली पाहिजेत ही एक धास्ती.

त्यामुळे यंदा डिसेंबरात तिने घरात जाहीर केलं की मी चार दिवस फिरायला चाललेय, एकटी, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, साहजिकच विचारलं, "एकटी म्हणजे शाळेबरोबर?"

"एकटी म्हणजे एकटी."

नवरा पुष्कर तालुक्याच्या कचेरीत नोकरीला. माणूस वाईट नव्हता, पण बायकोने एकटीने काही करायचं म्हटलं की त्याच्या कपाळावर सही राहिलेल्या फायलीसारखी आठी पडायची. तो म्हणाला, "तुला करमायचं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करशील, न्यायला या म्हणून. लिहून देतो."

एरवी अशा ठिकाणी संचिता म्हणायची, "असू दे." चोवीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द तिने इतके वापरले होते की माई तिला शहाणी म्हणायच्या. पण या वेळी काय झालं कोण जाणे. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिने ते गिळले. म्हणाली, "मी असा फोन करणार नाही. जन्मात नाही." आणि बॅग भरायला घेतली.

२

खाडीतल्या बेटाला इकडे जुवा म्हणतात. करंजुवा हे त्यातलं अगदी लहानसं, मसुऱ्याच्या पुढे खाडी रुंद होते तिथलं. अठरा घरं, बासष्ट माणसं, दोन विहिरी, एक देऊळ. गाडी नाही, दुकान नाही. घाई नावाची गोष्ट तिथे होडीतून उतरतच नसे. सहदेव मासे मारायचा आणि होडी चालवायचा, त्याची बायको आनंदी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची.

पहिले दोन दिवस संचिताने काय केलं? काही नाही. माडांना बांधलेल्या झोळीत ती पडून राहिली. पेज खाल्ली, सहदेवने पकडलेल्या मुडदुश्या तळून खाल्ल्या, पुन्हा झोळीत पडली. एकाही डोक्याची मोजदाद केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या डोळ्यांत उगाचच पाणी आलं आणि ते पुसायला कोणासमोर कारण द्यावं लागलं नाही, याचंच तिला किती बरं वाटलं!

त्या संध्याकाळी आनंदी हात पुसत खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आली.

"बाईनू, उद्या आमची गावपळण. सगळ्यांनी खाडीपलीकडे जावचा, तीन दिवस, तीन राती. तुमकाय येवचा लागतला. तुमचा बुकिंग घेतलंय तेव्हा देवाचो कौल मिळाक नव्हतो, म्हणान सांगूचा रवला."

गावपळण संचिताला ऐकून माहीत होती. आचऱ्याची पेपरात येते, फोटोसकट. सगळा गाव कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जाऊन राहतो, मागे गाव मोकळा. पण या चिमुकल्या जुव्याचीही पळण असते हे तिला ठाऊक नव्हतं.

"माका नको गो," ती म्हणाली. "मी हंयच रवतंय."

"छे छे! रात्री गावात निजलेलो एकय माणूस मागे रवता कामा नये."

मग समजूत घालायला गुरुदास आले. गावातले मानकरी, सत्तरी उलटलेले, हातात तांदूळ धुवायची एक जुनी रोवळी. उद्या होडीत चढताना प्रत्येकाने या रोवळीत एक शिंपी, म्हणजे खाडीतला शिंपला, टाकायची, त्यांनी सांगितलं. तान्ह्या पोराची आईने टाकायची, पाहुण्याची पाहुण्याने. परत येताना आपापली शिंपी उचलायची. एक उरली तर माणूस उणा, एक कमी पडली तर माणूस जास्त.

"पाठी वळान बघूचा नाय," गुरुदास म्हणाले. "कोणाक नावान हाक मारूची नाय. आनि तीन दिवस गावाकडे तोंड करूचा नाय."

संचितातल्या मास्तरणीला राहवलं नाही. "शिंप्यो कित्याक? तोंडा बघून मोजूक काय हरकत आसा?"

"तोंडाचा काय, बाईनू," म्हातारा रोवळी झटकत म्हणाला, "तोंड कोणय लावता."

३

रात्रभर संचिता विचार करत होती, आणि विचार फार साधा होता. बासष्ट माणसांबरोबर झावळांच्या खोपीत तीन दिवस काढायचे. एका चुलीवरचं जेवण, फुगड्या, गाण्याच्या भेंड्या, पोरांची रडारड. म्हणजे पुन्हा सहलच! यासाठी घरात भांडून आले का मी? तिला देवाशी काही वाकडं नव्हतं, गावाच्या रीतीची टिंगलही करायची नव्हती. पण हे चार दिवस तिचे होते. आयुष्यात पहिल्यांदा मागितलेले चार दिवस. त्यातले दोनच झाले होते.

सकाळी होड्यांची धांदल सुरू झाली तशी ती परसदारातून सटकली. बेटाच्या पश्चिमेच्या टोकाला काळे कातळ आहेत, त्यांवर शेवाळ असतं म्हणून चपला पायरीवरच ठेवल्या आणि अनवाणी गेली. कातळांच्या आडोशाला पुस्तक घेऊन बसली. तिची योजना ठरलेली होती. शिंप्या मोजतील, एक कमी भरेल, मग हाकाटी होईल, शोधत येतील. तेव्हा त्यांच्या तोंडावर ठणकावून सांगायचं की मी येणार नाही. वाक्यंही तिने तयार करून ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणाची ती थोडी वाटच बघत होती.

होड्या सुटल्या. वल्ह्यांचा आवाज दूर गेला. कोंबडे, कुत्री, शेळ्या, पोरं, सगळा कालवा पाण्यावरून हळूहळू पलीकडे सरकला. मग बराच वेळ काही नाही. शिंप्या मोजत असणार.

आणि मग पाण्यावरून गुरुदासांची आरोळी आली, खणखणीत.

"त्रेसष्ट! भरली!"

संचिताने पुस्तक मिटलं. बासष्ट गावकरी आणि एक पाहुणी, त्रेसष्ट. पण पाहुणी इथे कातळावर बसलीय. मग बासष्टच भरायला हव्या होत्या.

"म्हाताऱ्याचं गणित कच्चं आहे," ती स्वतःशीच म्हणाली आणि हसली. पण ते हसू तिलाच जरा मोठं वाटलं.

४

घरी आली तेव्हा दुपार झाली होती. पायरीवर चपला नव्हत्या.

आनंदीने नेल्या असतील, तिने ठरवलं. मी आहेच होडीत अशा समजुतीने, माझ्या चपला विसरल्या म्हणून हातात घेऊन गेली असेल. उत्तर बरोबर बसत होतं. संचिताने ते लगेच स्वीकारलं, एरवी एखाद्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर तिने कृती विचारली असती.

दारं सगळी नुसती ओढून घेतलेली होती, बाहेरून कड्या घातलेल्या नव्हत्या. चुलीत निखारे होते. तिने भात टाकला, सोलकढी केली, एकटीने जेवली, भांडी तशीच ठेवली. मुद्दाम ठेवली! मग खळ्यात पाय पसरून बसली. मोठ्याने एक जुनं गाणं म्हटलं, बेसूर. कोणी ऐकणारं नव्हतं आणि ती खूश होती, अगदी मनापासून खूश.

शांतता तिच्या लक्षात यायला तासभर लागला.

कोंबडी नाही, कुत्रं नाही, कोणाच्या घरातला रेडिओ नाही. हे सगळं गेलेलं तिला माहीतच होतं, त्यात भ्यायचं काय? पण बावीस वर्षं वर्गात जाणाऱ्या बाईला शांततेतले प्रकार कळतात. सुट्टीतल्या रिकाम्या वर्गाची शांतता वेगळी. आत शिरलं की कळतं, इथे कोणी नाही. आणि बाई आल्या रे, असं कोणीतरी कुजबुजल्यावर एका क्षणात चिडीचूप झालेल्या वर्गाची शांतता वेगळी. पन्नास पोरं श्वास धरून बसलेली असतात.

करंजुव्यावरची शांतता दुसऱ्या जातीची होती.

ती उठली. मुद्दाम आवाज करत अठरा घरांसमोरून चालत गेली. सगळी खळी सारवलेली, दारं ओढलेली. एका दाराशी थांबून तिने म्हटलं, "कोण आहे?" आणि उत्तर आलं नाही म्हणून तिचं समाधान झालं नाही. उत्तर न देण्यालाही एक तऱ्हा असते. शेवटच्या बाकावरची पोरं कशी गप्प राहतात, तशी.

"गप्प बसायचं तर बसा," ती म्हणाली. "मी काही जाणार नाही."

विहिरीवरची कळशी ओली होती. ती कोणीतरी पहाटे निघण्याआधी भरली असेल. दुपारी चार वाजेपर्यंत ऊन खात पडलेली कळशी ओली कशी राहील, हा प्रश्न तिने त्या दिवशी सोडवायला घेतला नाही. दिवेलागणीलाच दाराला आतून कडी घातली, वर पाटा लावला, आणि उलट्या दिशेने शंभरापासून आकडे मोजत झोपली. झोप लागली हे विशेष.

५

सकाळी उजाडल्यावर तिला स्वतःचाच राग आला. भित्री कुठली! पुष्करला हेच तर हवं होतं. चहा पिऊन ती सरळ धक्क्याकडे गेली, कारण ऊन तिथे आधी येतं.

धक्क्यालगतच्या चिखलात काल गेलेल्यांची पावलं वाळली होती. बासष्ट माणसांची पावलं, गुरांचे खूर, कोंबड्यांची नखं, सगळी एकमेकांत मिसळलेली. आणि त्यात एक ठसा अगदी स्पष्ट. डाव्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेली चपल. टायरची नक्षी चिखलात छापल्यासारखी उठली होती. तो तुकडा गेल्याच महिन्यात खारेपाटणच्या बाजारात चांभाराने ठोकून दिला होता. बाई, पाच वर्षं जाईल, म्हणाला होता.

चपला हातात धरून नेल्या तर त्यांचा ठसा उमटत नाही.

पावलं आनंदीच्या घराच्या पायरीकडून येत होती, एकामागोमाग एक, नीट, घाई नाही. होडी लागते तिथे संपत होती. तिने स्वतःचं पाऊल शेजारी टेकवून बघितलं. लांबी तीच. दोन पावलांतलं अंतरही तेच.

मोबाइलला रेंज फक्त देवळाच्या जोत्यावर येते. संचिता तिथे जवळजवळ धावतच गेली. आनंदीला फोन लावला. मागून गलका ऐकू आला, पोरं, कोंबड्या, कोणीतरी नारळ फोडत होतं. तो गलका ऐकून तिला इतकं हायसं वाटलं की आधी माफीच मागून टाकली.

"आनंदी, तू रागावू नको गो. मी संचिताबाई बोलतंय. मी मागे रवलंय. जुव्यारच आसंय."

"कोण बोलता?"

"अगो मी. संचिताबाई."

"बाई तर हंय आसत," आनंदी म्हणाली. "माझ्या म्होरच बसलेत, खोबरा किसतत. तुमी कोण? तेंचो फोन तुमका खंय गावलो?"

आनंदीने फोन तोंडापासून दूर धरला असावा, कारण पुढचं वाक्य लांबून आलं, हसत हसत. "बाईनू, तुमचो फोन कोणाक तरी गावलोसा! थट्टा करता."

आणि त्याहून थोडं लांबून एक आवाज आला. शाळेच्या गॅदरिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज ऐकावा, तसा. ओळखीचा, आणि तरी आपला न वाटणारा.

"असू दे," तो आवाज म्हणाला.

फोन बंद झाला.

संचिता जोत्यावर बसली. काहीतरी उत्तर असणारच, ती स्वतःला बजावत होती. दुसरी कोणी पाहुणी आली असेल. आनंदीच थट्टा करत असेल. तिने पुष्करला फोन लावला. त्याने उचलला तेव्हा गाडीचा हॉर्न वाजत होता.

"पुन्हा काय?" पुष्कर म्हणाला. "निघालोय ना. जेवणाच्या वेळेपर्यंत पोचतो."

"कुठे निघालायस?"

"कुठे म्हणजे? तासापूर्वी आनंदीबाईंच्या फोनवरून तूच बोललीस ना!"

"काय बोलले मी?"

"विसरलीस?" त्याच्या आवाजात राग नव्हता. किती दिवसांनी तो इतक्या प्रेमाने बोलत होता! "म्हणालीस, चुकलं माझं, एकटीने यायला नको होतं, न्यायला या. माईंना सांगितलं, त्यांनासुद्धा भरून आलं. असू दे आता, वाईट वाटून घेऊ नकोस. आलोच."

"पुष्कर, ती मी नाही. ऐक, ती मी..."

रेंज गेली. ती परत आलीच नाही.

६

भीती खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी उकळून वर आलं आणि त्याने भीतीला बाजूला सारलं.

चुकलं माझं, न्यायला या. हे वाक्य चोवीस वर्षं तिच्याकडून वदवून घ्यायचा घराचा प्रयत्न चालला होता, आणि तिने ते कधीच उच्चारलं नव्हतं. असू दे म्हटलं होतं, गप्प बसली होती, रडली होती. पण हे वाक्य तेवढं राखून ठेवलं होतं. ते तिच्या चपला घालून गेलेल्या कोणीतरी एका सकाळीत देऊन टाकलं! आणि आता ते जे कोणी होतं, ते गाडीत बसून खारेपाटणला जाणार. माईंना चहा करून देणार. सोमवारी तिच्या वर्गात जाऊन हजेरी घेणार. सगळे म्हणणार, बाई किती सुधारल्या.

"मी मेले तरी चालेल," संचिता मोठ्याने म्हणाली, "पण ती माझ्या घरात जाणार नाही."

होडी एकही मागे ठेवलेली नव्हती. तिला पोहता येत नव्हतं. पण पहिल्या दिवशी सहदेवने गप्पांच्या ओघात सांगितलं होतं, पुरत्या ओहोटीला जाळ्याच्या खुंटांची रांग धरून माणूस चालत पलीकडे जाऊ शकतो, पाणी छातीच्या वर येत नाही. ओहोटी साडेबाराला होती. तिने साडी खोचली, फोन केसांच्या अंबाड्यात बांधला, आणि बाराला पाण्यात पाय घातला.

दहा खुंटांपर्यंत पाणी गुडघ्याला होतं. विसाव्याला कमरेला आलं. डिसेंबरातलं पाणी गार, आणि तळाची वाळू पाऊल ठेवलं की हळूच सरकणारी. ती एक खुंट धरायची, पुढच्याला हात पोचला की मागचा सोडायची. मोजत होती अर्थातच. एकतीस, बत्तीस.

तेहेतिसाव्याला पाणी छातीला लागलं आणि मागे आवाज सुरू झाले.

बाई वर्गाबाहेर पडल्यावर जो गलका होतो, तसे. आधी एक विहिरीचा रहाट कुरकुरला. मग एक दार उघडलं, मग दुसरं. खराटा खळ्यावरून फिरू लागला. कोणीतरी खाकरलं. भांड्यावर भांडं आपटलं, बहुधा तिने न घासता ठेवलेलं. अठरा घरांचा गाव दुपारच्या कामाला लागला होता, निवांत, इतका वेळ तिच्यापायी खोळंबल्यासारखा. आणि त्यांतलं कोणीही बोलत नव्हतं.

मागे वळून बघायची तिला फार इच्छा झाली. तिने बघितलं नाही. रीत म्हणून नव्हे. तिला वेळ नव्हता. चौतीस, पस्तीस.

७

पलीकडच्या काठावर झावळांच्या खोपी एका ओळीत उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं डोंगराकडे. गावाकडे पाठ. खोपींपुढच्या मोकळ्या जागेत पंगत बसली होती, तीही डोंगराकडे तोंड करून. संचिता पाण्यातून वर आली तेव्हा तिला दिसल्या त्या फक्त पाठी. लांबच लांब रांग, वाकून जेवणाऱ्या पाठींची. पलीकडे काजूच्या झाडांखाली पुष्करची पांढरी गाडी उभी होती.

तिने मोजलं. चौसष्ट. पुष्कर धरून चौसष्ट, म्हणजे बरोबर.

पुष्करची पाठ तिने लगेच ओळखली. त्याच्या शेजारी एक बाई बसली होती. निळी साडी. तशीच निळी साडी संचिताच्या बॅगेत घडी करून ठेवलेली होती, निदान ती तसं समजत होती. केसांचा अंबाडा, मानेवरचा तीळ. पंगतीच्या मागे तिने चपला काढून ठेवल्या होत्या, जोडीने, टाचा जुळवून. संचिताने आयुष्यात कधी चपला इतक्या नीट ठेवल्या नव्हत्या. पुष्कर तिच्या पानात स्वतःच्या हाताने भात वाढत होता. तेवढं मात्र संचिताला लागलं. आत कुठेतरी फार लागलं.

तिने साडीतलं पाणी पिळलं नाही. मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "हात थांबवा. सगळ्यांनी मागे वळा."

चौसष्ट हात पानावर थांबले.

"कोणी वळूचा नाय!" पंगतीच्या टोकावरून गुरुदास न वळता ओरडले. "आवाज गावाकडसून इलो. खाली बघा, जेवा!"

"मी गावाकडनंच आलेय," संचिता म्हणाली. "चालत आलेय. माझी शिंपी दुसऱ्या कोणी टाकली, गुरुदासकाका. तुम्ही तोंडं बघितली असतीत तर कळलं असतं."

कोणी हललं नाही. मग तिने तेच केलं जे ती बावीस वर्षं करत आली होती. हजेरी घेतली. पळणीत नाव घ्यायचं नसतं हे तिला पाठ होतं, म्हणूनच तिने नावं घेतली, एकेक, ठणठणीत.

"आनंदी!"

हाकेला ओ द्यायची जुनी सवय कामाला आली. "ओ," आनंदीच्या तोंडून निघून गेलं आणि ती वळली. ओल्याचिंब संचिताला बघून तिने पदर तोंडात कोंबला.

"सहदेव! गुरुदास! पुष्कर!"

सहदेव वळला. मग त्याच्या शेजारचे, मग पोरं, मग म्हाताऱ्या. गुरुदास सगळ्यांत शेवटी वळले, डोळे मिटून, आणि मग डोळे उघडले. पुष्कर हातातला घास तसाच धरून वळला. त्याने संचिताकडे बघितलं, शेजारी बघितलं, पुन्हा संचिताकडे बघितलं.

"संचिता जयराम!" तिने वडिलांचं नाव लावून शेवटची हाक मारली. लहानपणी शाळेत तिची हजेरी अशीच व्हायची. आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर."

सगळी पंगत तिच्याकडे तोंड करून बसली होती. एक सोडून. निळ्या साडीतली पाठ तशीच होती. ती खालमानेने जेवत होती.

संचिता तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "ती माझी जागा आहे."

आणि ती बाई, सांगितलं ते ऐकणाऱ्या शहाण्या मुलीसारखी, गुमान उठली. पान ओलांडलं नाही, बाजूने गेली. मागे वळली नाही. कोणालाही तिचं तोंड दिसलं नाही, कारण ज्यांना दिसलं असतं ते सगळे आता उलटीकडे बघत होते. ती सरळ समोर चालत गेली, अनवाणी, काजूच्या झाडांकडे, आणि फांद्यांच्या सावलीत दिसेनाशी झाली.

संचिताने पंगतीमागच्या आपल्या चपला पायात घातल्या. दिवसभर कोणी घातलेल्या चपला उबदार असतात. या तशा नव्हत्या.

पुष्कर अजून झाडांकडे बघत होता. "जेवून तरी जाऊ द्यायचं होतंस तिला," तो हळूच म्हणाला.

संचिताने त्याच्याकडे बघितलं. तिला रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत धपाटा घालावासाही वाटला. दोन्हींतलं काहीच झालं नाही, कारण तेवढ्यात काजूच्या झाडांखालून आवाज आला. गाडीचं दार उघडलं. आणि लागलं.

पुष्करचा हात खिशाकडे गेला. तो अर्धवट उठला.

"बस," संचिता म्हणाली. "चावी इकडे दे. आणि मी आज येणार नाही. माझा चौथा दिवस अजून संपला नाही."

त्याने चावी दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारल्या. मग त्या जागेवर बसली, पंगतीच्या उलट, गावाकडे तोंड करून. पुढ्यातलं अर्धवट जेवलेलं पान तिने बाजूला सारलं.

"आनंदी, माका नवीन पान घाल गो. भूक लागली हा."

आनंदीने पान मांडलं, भात वाढला, वर कढी घातली. झाडांखाली गाडी गप्प उभी होती. पुढच्या काचेवर फांद्यांची सावली पडली होती आणि तिच्यामागे कोणीतरी वाट बघत बसलं होतं, हात मांडीवर ठेवून, ताठ.

"बाईनू," आनंदीने कुजबुजत विचारलं, "ता थंय बसला हा. काय करूचा?"

"बसू दे तिला," संचिता म्हणाली आणि पहिला घास कालवला. "माझं जेवण झालं की बघते."